वेबसाइटवर लोक येतात पण फोन येत नाहीत – वॉटरप्रूफिंगचं काम आहे, काय करावं?

गळतीवाला_धायरी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा.

माझं वॉटरप्रूफिंगचं काम आहे, टेरेस, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, लिफ्टचा पिट, बेसमेंट सगळं करतो. आधी मामाकडे कोब्याच्या (टेरेसवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर घालायच्या) कामावर होतो, ९ वर्षं झाली स्वतःचं सुरू करून. पुण्यात धायरी, नऱ्हे, वडगाव, नांदेड सिटी, वारजे इकडंच सगळी कामं, कधीतरी कोथरूड. आजवर सगळं तोंडी ओळखीवर चाललं, याचं काम केलं की त्याचा मेहुणा फोन करणार, मेहुण्याचं झालं की त्याच्या ऑफिसातला कोणीतरी.

मागच्या सप्टेंबरात वेबसाइट करून घेतली, २८ हजार दिले. ज्याने केली तो पोरगा चांगला आहे, ओळखीतलाच आहे. तो दर महिन्याला रिपोर्ट पाठवतो, त्यात मार्चमध्ये चारशेच्या वर लोक येऊन गेले म्हणे. बरं मग ते चारशे लोक गेले कुठं? फॉर्ममधून आजपर्यंत एकही इन्क्वायरी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बघायला गेलं तर तीन मेसेज आले वेबसाइट बघून, त्यातले दोन "आम्ही तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो" वाले. आता हा पोरगा म्हणतो एसईओचं (म्हणजे गूगलवर वर दिसावं म्हणून करायच्या कामाचं) पॅकेज घ्या, महिना ८ हजार, निदान सहा महिने तरी घ्यावं लागेल.

मध्ये एका लीड (म्हणजे काम हवं असलेल्या गिऱ्हाइकाचं नाव-नंबर) विकणाऱ्या पोर्टलचे पण पैसे भरले होते. एकच लीड सहा जणांना देतात, आपण फोन करेपर्यंत समोरचा माणूस शिव्या द्यायच्या मूडमध्ये असतो. ते बंद केलं.

आता एप्रिल चालूय. आमचा धंदा म्हणजे काय, लोकांना मे महिन्यात टेरेस आठवत नाही आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की रात्री अकराला फोन येतात. पण कोबा पावसात करता येत नाही हो! खरं काम आत्ताच व्हायला पाहिजे. म्हणून घाई आहे. पॅकेज घेऊ का नको? लिंक प्रोफाइलला टाकली आहे, बघून सांगा, स्पष्ट सांगितलं तरी चालेल.

---

नाशिकचा_कोडवाला

दादा पॅकेज थांबवा आधी. बादलीला भोक असताना नळ मोठा करून काय उपयोग, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचा धंदाच तो आहे 😄

साइट बघितली, मोबाइलवर. लॅपटॉपवर मुद्दाम नाही बघितली, कारण ज्याच्या छतातून पाणी टपकतंय तो लॅपटॉप उघडून बसत नाही. जे दिसलं ते लिहितो, राग मानू नका.

उघडायला माझ्या फोनवर ११ सेकंद लागले. वर तो सरकणारा बॅनर आहे ना, त्यातले फोटो प्रत्येकी पाच-सहा एमबीचे आहेत. आणि फोटो कोणाचे, तर पिवळं हेल्मेट घातलेले गोरे लोक, हातात नकाशा. मला वाटलं तुम्ही जर्मनीत काम करता. ते काढा. तुमच्या मोबाइलमधले फोटो टाका, सिमेंटने हात भरलेले असले तरी चालतील, फक्त टाकायच्या आधी साइज कमी करून घ्या, दोनशे केबीच्या आत आणला तरी मोबाइलवर झकास दिसतो. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स म्हणून फुकट टूल आहे, त्यात साइटचा पत्ता टाकला की मोबाइलचा आणि डेस्कटॉपचा वेगळा रिपोर्ट देतं, कुठला फोटो जड आहे ते नावानिशी सांगतं.

दुसरं, आणि हे जास्त गंभीर आहे. तुमचा फोन नंबर वर बॅनरच्या चित्रात छापलाय. म्हणजे तो दिसतो पण त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही, कॉपी पण होत नाही. माणसाने तो पाठ करून डायल करायचा का? नंबर मजकूर म्हणून लिहायचा आणि त्याला फोनची लिंक द्यायची, दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलवर खाली चिकटून राहणारी पट्टी करा, डावीकडे "फोन करा", उजवीकडे "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा". बास.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं तर हा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर नाही असं आलं. लिंक बघितली तर नंबरच्या आधी शून्य घातलंय. त्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा आकडे एवढंच लागतं, अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये डॅश नको. म्हणजे जे तीन मेसेज आले ना तुम्हाला, त्यांनी बहुतेक चित्रातला नंबर बघून सेव्ह केला असणार. त्यातले दोघे धंदेवाईक, त्यांच्याकडे चिकाटी असते.

आणि फॉर्म. मी भरला टेस्ट म्हणून, "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" असं आलं. तुम्हाला मेल आला का? नाव "टेस्ट नाशिक" टाकलंय. बघून सांगा.

---

वारज्याचा_तात्या

वेबसाइट वगैरे सगळं फालतू आहे, काम चांगलं करा लोक घरी शोधत येतात. आमचा फॅब्रिकेटर साधा फोन वापरतो, तीन महिने वेटिंग असतं त्याच्याकडे.

---

मनीषा_ठाणे

तात्या, ज्याच्याकडे वेटिंग आहे तो इथे प्रश्न विचारायला येणार नाही ना 🙂

---

सेक्रेटरी_काका_डोंबिवली

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो कारण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या टेरेसचं काम काढलं तेव्हा मी स्वतः अकरा जणांच्या वेबसाइट बघितल्या होत्या, नाव झाकलं तर कोणती कोणाची ते सांगता येणार नाही इतक्या सारख्या. सगळे "अग्रगण्य", सगळे "वाजवी दर", सगळ्यांचं "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय". तुमची पण तशीच आहे, माफ करा.

मला काय पाहिजे होतं सांगतो. आमच्या कमिटीला तीन कोटेशनं लागतात, त्याशिवाय जनरल बॉडीत कोणी ना कोणी उठून विचारतोच. म्हणजे मला असा माणूस पाहिजे जो लेखी कोटेशन देतो, त्यात कोणती पद्धत, किती स्क्वेअर फूट, किती थर, कोणतं मटेरियल, वॉरंटी किती आणि वॉरंटीत काय येत नाही हे लिहितो. जीएसटी नंबर आहे का. आधी कुठल्या सोसायटीचं केलंय, तिथे जाऊन बघता येईल का. हे वेबसाइटवर कोणीच लिहीत नाही! एकाने लिहिलं होतं, "काम २०२१ मध्ये केले, हा फोटो २०२३ च्या ऑगस्टमधला", खाली कोरडं छत. त्यालाच पहिला फोन केला. शेवटी काम पण त्यालाच दिलं, तो सगळ्यात स्वस्त नव्हता तरी.

अजून एक, लोकांचा पहिला प्रश्न "वॉटरप्रूफिंग कसं करतात" हा नसतोच. पहिला प्रश्न असतो खर्च कोणी करायचा. आमच्याकडे दर पावसाळ्यात हे भांडण ठरलेलं. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (म्हणजे नमुना नियमांत) स्पष्ट आहे, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने, टेरेसमधून पाणी झिरपून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं सीलिंग आणि त्याचं प्लास्टर खराब झालं तर तेसुद्धा सोसायटीने करून द्यायचं. पण वरच्याच्या बाथरूम, सिंकमुळे खालच्याकडे गळत असेल तर ते संबंधित सभासदांनी आपसात बघायचं. हे निम्म्या कमिट्यांना माहीत नसतं आणि वरच्या मजल्यावरच्यांना तर कोणी सांगतच नाही. यावर तुमच्या वेबसाइटवर एक साधं पान लिहा, "वरच्या फ्लॅटमधून गळतंय, खर्च कोणाचा?" असं. माणूस ते वाचायला येईल आणि नंबर तिथेच असेल.

नवीन बिल्डिंगवाल्यांसाठी पण लिहा. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमच्या नांदेड सिटी, नऱ्हे भागात अशा बिल्डिंगी किती असतील. त्यांना सरळ सांगा की आधी बिल्डरला लेखी कळवा, आम्हाला पैसे देऊ नका. काम जाईल एखादं, पण हे सांगणारा माणूस मी तरी विसरणार नाही.

आणि तो फॉर्म. नऊ रकाने आहेत त्यात, पिन कोड काय, बजेट काय, "तुम्हाला आमच्याबद्दल कुठून समजले" काय. नाव, फोन, एरिया आणि कुठे गळतंय, एवढं पुरे की.

---

कोल्हापुरी_एसीवाला

काकांचं एकदम बरोबर. मी एसी दुरुस्तीवाला, तुमच्या उलट सीझन, माझी मरमर मार्च ते मे. वेबसाइटपेक्षा मला जास्त फोन गूगल मॅपवरच्या प्रोफाइलमधून येतात, ते ज्याला आधी गूगल माय बिझनेस म्हणायचे आणि २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल म्हणतात ते. तुमचं शोधलं तर सापडलं, पण कॅटेगरी "कन्स्ट्रक्शन कंपनी" ठेवलीय भावा! मग "वॉटरप्रूफिंग" शोधणाऱ्याला तुम्ही का दिसावं? मुख्य कॅटेगरी वॉटरप्रूफिंगची करा, बाकीच्या जोडीला ठेवा. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवता येतो आणि सर्व्हिस एरिया टाकता येतो, २० पर्यंत भाग टाकता येतात.

पण एक लक्षात घ्या, एरिया टाकला म्हणजे तिथे वर दिसाल असं नाही. गूगल तीन गोष्टी बघतं, शोधणाऱ्याच्या शब्दांशी तुमचं काम जुळतं का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आणि तुमचं नाव किती झालंय. धायरीतनं तुम्ही वाकडला मॅपवर वर दिसणार नाही, दिसायचं कारण पण नाही, तिथे जाईपर्यंत तुमचे दोन तास पुलावर जातात. आपल्या पाच-सात किलोमीटरमध्ये पहिल्या तिघांत आलात तरी लई झालं.

आणि पॅकेजवाला तुम्हाला सांगेल की चाळीस भागांची चाळीस पानं बनवू, "वॉटरप्रूफिंग इन कात्रज", "वॉटरप्रूफिंग इन बाणेर", आत मजकूर तोच, गावाचं नाव बदललेलं. करू नका. असल्या पानांना गूगल डोअरवे पेज म्हणतं आणि त्यांच्या नियमात ते स्पॅममध्ये धरतात. त्यापेक्षा चारच भागांची पानं करा पण प्रत्येकात तिथलं खरं काम दाखवा. वारज्याच्या पानावर वारज्याची टेरेस, किती वर्षं जुनी बिल्डिंग होती, काय बिघडलं होतं, काय केलं.

रिव्ह्यू तुमचे सातच आहेत ९ वर्षांत. तुम्ही काम झाल्यावर पाणी तुंबवून ठेवता ना टेरेसवर दोन दिवस? तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक खाली जाऊन बघतंय, कोरडं आहे, चेहरा खुललेला असतो. त्याच वेळी उभ्या उभ्या रिव्ह्यूची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. नंतर पाठवली की "करतो करतो" म्हणतात आणि राहून जातं. फक्त रिव्ह्यूच्या बदल्यात पाचशे रुपये सूट वगैरे देऊ नका, गूगलला ते चालत नाही. माझ्या इथला एकजण हे करत होता, एका रात्रीत त्याचे निम्मे रिव्ह्यू उडाले.

एक दुखणं सांगतो. मी फुकट म्हणून गूगलच्या प्रोफाइलसोबत मिळायची ती एका पानाची साइटच वापरत होतो, कार्डावर, गाडीवर, स्टिकरवर सगळीकडे तिचाच पत्ता. मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्या सगळ्या साइटी बंद केल्या. त्याच वर्षी जुलैअखेर प्रोफाइलमधलं चॅट पण गेलं. हजारभर स्टिकर वाया. म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर ठेवा. तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे बघितलंय का?

---

गळतीवाला_धायरी

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते माहीत नाही. मेल आलेला नाही, "टेस्ट नाशिक" वगैरे काही दिसत नाही, स्पॅममध्ये पण बघितलं. पोराला फोन लावतोय, तो लग्नाला गेलाय परभणीला, उचलत नाहीये.

काकांना एक विचारायचं होतं, रेट टाकावा का वेबसाइटवर? आमच्यात कोणी टाकत नाही. टेरेसला नुसतं कोटिंग करायचं तर माझं ४५ रुपये स्क्वेअर फुटापासून सुरू होतं, पण जुना कोबा तोडून नवीन वीटकोबा करायचा, ढाळ द्यायचा, पॅरापेटला (कठड्याच्या भिंतीला) खालच्या कोपऱ्यात गोलाईच्या वाटा करायच्या तर ते कुठल्या कुठं जातं. आकडा टाकला तर गिऱ्हाईक तोच धरून बसणार आणि शेजारचा दोन रुपये कमी करून टाकणार.

---

सेक्रेटरी_काका_डोंबिवली

टाका. "पासून" लिहा आणि कशाने वाढतो ते पण लिहा, आत्ता लिहिलंत ना तसंच, याच भाषेत. शेजारचा दोन रुपये कमी करणार ते तो तसंही करणारच आहे.

---

मनीषा_ठाणे

आमचं प्लंबिंगचं आहे, काम मिस्टर बघतात आणि फोन मी. मी रेटच्या बाबतीत काकांशी सहमत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हिजिट चार्ज लिहा. आम्ही ३०० घेतो आणि काम दिलं की बिलातून वजा करतो, हे वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. आधी भीती वाटली की फोन कमी होतील. कमी झाले पण, खोटं कशाला बोलू. पण जे कमी झाले ते "सहज येऊन बघून जा" वाले, ज्यांच्यासाठी मिस्टर घोडबंदरला जाऊन दोन तासांनी तोंड पाडून यायचे.

आता खरं बोलू का दादा, तुमची वेबसाइट नीट झाली, नंबर नीट झाला, फोन आले, तर उचलणार कोण? मी काल दुपारी बाराला तुमच्या नंबरवर फोन केला होता, वाजून वाजून बंद झाला, परत फोन पण नाही आला. तुम्ही टेरेसवर असणार, ग्राइंडर चालू असणार, मी समजू शकते. गिऱ्हाईक समजून घेत नाही, ते यादीतल्या पुढच्याला लावतं. आमच्याकडे मिस्टर डक्टमध्ये लटकलेले असायचे आणि फोन खाली पिशवीत. दिवसाला चारपाच मिस्ड कॉल, संध्याकाळी केले की "झालं आमचं".

मी काय केलं, वेबसाइटला वेगळा नंबर दिला आणि तो फोन माझ्याकडे ठेवला. उचलता नाही आला तर दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, तो आधीच लिहून ठेवलेला असतो, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे. कामाच्या वेळेबाहेर कोणी मेसेज केला तर आपोआप जाणारा मेसेज पण लावता येतो. त्यात "आपला संदेश मिळाला, धन्यवाद" असलं काही लिहू नका. काम सुरू होईल असं काहीतरी विचारा. मी लिहिते, "कुठे गळतंय त्याचे दोन फोटो किंवा छोटा व्हिडिओ पाठवा, कितवा मजला, बिल्डिंग किती जुनी आणि एरिया सांगा." फोटो पाठवला की माणूस अर्धा आपला झालेला असतो, परत दुसऱ्याला तेच सगळं सांगायचा त्याला कंटाळा येतो. तुमच्यात तर अजून सोपं, ओल बघून तुम्हाला निम्मं कळतच असेल.

लेबलं लावायची सोय पण वापरा, "फोटो आले", "व्हिजिट ठरली", "कोटेशन दिलं", "पावसाळ्यानंतर". हे शेवटचं लेबल तुमच्यासाठी सोनं आहे. जुलैमध्ये ज्यांना तुम्ही आता कोबा होणार नाही म्हणून परत पाठवता त्यांची यादी कुठे जाते? ऑक्टोबरमध्ये त्यांना एक मेसेज टाकला तर नवीन वेबसाइटची गरज पण पडायची नाही.

घरात कोणी फोन घेणारं आहे का?

---

गळतीवाला_धायरी

ताई तो मिस्ड कॉल बघितला होता, ०२२ च्या बाजूचं कोणीतरी लोनवालं असेल म्हणून सोडला 🙏 माफ करा. बायको घेईल म्हणते, ती शिवणकाम करते घरीच असते. तिनेच आत्ता वाचून दाखवलं हे सगळं.

---

नाशिकचा_कोडवाला

वहिनींना नमस्कार सांगा.

पोरगा सापडेपर्यंत अजून एक काम. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, तुमच्या साइटला जोडलेलं असेल तर त्याच्याकडून अ‍ॅक्सेस मागा. कोण काय शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आलं ते त्यात दिसतं, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. तुमचे ते "चारशे लोक" कोण आहेत ते कळेल. माझ्या एका पेंटर गिऱ्हाइकाकडे महिन्याला हजार लोक यायचे, बघितलं तर त्यातले निम्मे "रंगांची नावे मराठी" शोधणारी शाळेतली पोरं, आणि उरलेल्यात तो स्वतः रोज चारदा.

तुमच्यात मला वाटतं "टाइल्स न तोडता बाथरूम लीकेज" यावर बरेच येत असतील, आणि येऊन त्यांना काय दिसतं, तर होमपेज, हेल्मेटवाले गोरे. त्यांना त्याच विषयाचं पान दिसलं पाहिजे, न तोडता कधी होतं, कधी होत नाही, इपॉक्सी ग्राउटने (टाइल्सच्या फटीत भरायच्या मसाल्याने) किती दिवस चालतं, नानी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीच्या) बाजूनेच गळत असेल तर काय. तुम्ही बोला, वहिनी लिहितील. मराठीतच लिहा, इंग्लिश पान वेगळं ठेवता येतं.

अ‍ॅड चालवायच्या म्हणाल तर आत्ता नको, आधी भोकं बुजवा. चालवल्याच तर दोन गोष्टी पक्क्या करा. गूगल अ‍ॅड्सच्या लोकेशन सेटिंगमध्ये आपोआप जो पर्याय येतो त्यात त्या भागात "असलेले" आणि त्या भागात "रस असलेले" दोघंही येतात, म्हणजे नागपुरात बसून पुण्याबद्दल शोधणाऱ्याच्या क्लिकचे पैसे पण तुम्हीच भरणार. नुसतं "असलेले" निवडा. आणि नको असलेले शब्द घाला, जॉब, कोर्स, केमिकल प्राइस, डीलरशिप वगैरे. वॉटरप्रूफिंग शोधणाऱ्यात डबा घ्यायला आलेले लोक खूप असतात.

---

गळतीवाला_धायरी

अपडेट. पोरगा परभणीहून आला. बसलो त्याच्यासोबत दोन तास.

डोमेन त्याच्या नावावर होतं, माझ्या नावावर करून देतोय. नंबर नीट केला, व्हॉट्सअ‍ॅपचं शून्य काढलं, गोरे लोक काढले.

आणि फॉर्म. साइट बनवताना डेमोसाठी त्याने एक मेल आयडी उघडला होता, फॉर्म अजून तिकडेच जात होता. माझा आयडी टाकायचा राहून गेला म्हणतो. पासवर्ड आठवायला अर्धा तास लागला. उघडला तर आत ३१ इन्क्वायऱ्या! नऊ रकाने भरून भरून लोकांनी पाठवलेल्या, एकाने तर टेरेसची मापं, डायरेक्शन सगळं लिहिलंय. पहिली ऑक्टोबरातली. ३२ वी "टेस्ट नाशिक".

त्या पोराला काय बोलू कळेना. तो पण रडवेला झाला. चहा पाजला त्याला. पॅकेजचा विषय त्याने पण काढला नाही, मी पण नाही.

आता या लोकांना फोन करू का? सात महिने झालेत काहींना, काय तोंडाने करू?

---

मनीषा_ठाणे

करा! सगळ्यात ताज्या आधी. आणि कारणं सांगत बसू नका, "तुमचा मेल आमच्याकडून राहून गेला, माफ करा, गळती थांबली का?" एवढंच. तुमच्या धंद्यात प्रश्न सात महिन्यांत आपोआप सुटत नसतो.

---

वारज्याचा_तात्या

३१ म्हणजे जरा जास्तच झाल्या. मागे घेतो शब्द. फॅब्रिकेटरला सांगतो.

---

गळतीवाला_धायरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, वेळच नाही मिळाला.

सगळ्या ३१ जणांना फोन केले, निम्मे बायकोने केले आणि खरं सांगायचं तर तिचे जास्त चांगले झाले. ९ जणांनी उचललेच नाहीत. ११ जणांनी दुसऱ्याकडून करून घेतलं, त्यातल्या एका आजोबांनी पाच मिनिटं झापलं, मग म्हणाले पण ज्याने केलं त्याचं परत गळायला लागलंय, जूनमध्ये बघू. तिघांना नुसतं केमिकल पाहिजे होतं. चौघे नवीन बिल्डिंगवाले, त्यांना काकांनी सांगितलेलं रेराचं सांगितलं, बिल्डरला पत्र द्या म्हटलं, त्यातल्या एका मॅडमनी ते त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि त्या ग्रुपमधून वेगळेच दोन फोन आले बाथरूमचे. राहिले चार, त्यांच्याकडे जाऊन आलो, २ कामं मिळाली. एक टेरेस बावीसशे स्क्वेअर फूट, जुना कोबा तोडून.

ती बिल्डिंग कुठं असावी? माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. त्यांचा फॉर्म नोव्हेंबरमध्ये आला होता. मी रोज त्यांच्या गेटसमोर टेम्पो वळवतो, वॉचमन हात करतो मला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो आम्हाला वाटलं तुमची कंपनी मोठी आहे, छोटी कामं घेत नसाल."

बाथरूमचं पान बायकोने लिहिलंय, प्रोफाइलच्या लिंकवर आहे, वाचून चुका सांगा. मला आता झोपलं पाहिजे, उद्या सकाळी सातला तोडायला सुरुवात आहे, जूनच्या आत दोन थर आणि पाणी तुंबवून बघणं सगळं बसवायचंय.